वळणावर थांबण्याचे सबळ कारण

ती. आत्या,

शिरसाष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात मी ऑफिसच्या खुर्चीत बसले आहे आणि समोर एक भाडेकरार अर्धवट पडलाय, तेव्हा शिर आणि अष्टांगं आपापल्या जागीच आहेत, पण हेतू शुद्ध आहे, तो ग्राह्य धरावा.) तुझी टाच कशी आहे? डॉक्टरांनी सांगितलेले मऊ तळव्यांचे बूट घालतेस, की चांगले आहेत म्हणून कपाटात जपून ठेवलेस? मांजरीने अजून तुझ्या खुर्चीचा ताबा सोडला नसेल तर आता सोडणारही नाही. इतकी वर्षं बिनतक्रार बसू दिलंस, तिचा हक्क शाबीत झाला, तूच आता स्टुलावर बसायची सवय कर. डोळ्याचं ऑपरेशन छान झालं हे मात्र कळलं. तू दुरुस्त करून परत पाठवलेलं माझं मागचं पत्र पाहिलं. लाल शाईने त्याला नुसता गोवर आला होता, आणि खाली शेरा, 'जिव्हाळा आहे, पण पाल्हाळ फार.' अगं, सबंध जन्म कॉलेजात साहित्य शिकवलंस, आता निवृत्त झालीस, निदान भाचीला तरी नापास करू नकोस. आणि हे पत्र तर मागच्याहून लांबणार आहे. पाणी घेऊन बस.

विषय आपला जुनाच. मी कायद्याला प्रवेश घेतला त्या दिवशी तू आमच्या स्वयंपाकघरात, हातात काकडी आणि सुरी घेऊन जाहीर केलं होतंस की पोरगी आता वाचनातून गेली. वकिलाच्या हातात कविता दिली तर तो आधी विचारणार, याला साक्षीदार कोण? मी तेव्हा अठराची, म्हणजे अक्कल नुसती ओसंडून वाहत होती. मी म्हटलं की उलट वाचायला आम्हीच शिकतो, एकेका शब्दाचा कीस पाडतो, तुमच्या वर्गात तर कविता घंटा वाजली की संपते. तू म्हणालीस, कीस पाडल्यावर फळ उरत नाही. मग आवाज चढले, काकडी तशीच राहिली, आणि शेवटी आईने मध्ये पडून दोघींना जेवायला बसवलं. निकाल लागलाच नाही. ते प्रकरण आज इतकी वर्षं प्रलंबित आहे, आणि आता माझ्याकडे पुरावा आलाय. (अडचण एवढीच की या पुराव्यात आरोपीही मी आणि साक्षीदारही मीच. आपलेच दात, आपलेच ओठ.)

तर ऐक. बाबा लिहायला लागले. हो, आपले बाबा, तुझा दादा, ज्याने आयुष्यभर कुलपांच्या दुकानाच्या पाटीपलीकडे काही लिहिलं नाही, आणि त्या पाटीतही 'दुरुस्ती' चुकवून ठेवलं होतं म्हणून तू दुकानात पाऊल टाकायची नाहीस, तेच. आई गेल्यावर दुकान बंद केलं हे तुला ठाऊकच आहे. मग त्यांनी घरातली सगळी कुलपं दुरुस्त केली. मग शेजाऱ्यांची केली. मग ज्या कुलपांनी काही मागितलं नव्हतं त्यांनाही तेल द्यायला लागले. आमच्या मजल्यावर आता एकही दार वाजत नाही, माणूस येतो तो एकदम भुतासारखा समोर. आणि एका सकाळी बघते तर टेबलाशी बसलेत, तू त्यांना दिलेलं शाईचं पेन उघडलंय, आणि जीभ दातात धरून काहीतरी लिहिताहेत. मला वाटलं, सोसायटीला पाण्याची तक्रार. कसलं काय! पुढे आठवड्याने त्यांनी चार पानं माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवली, तोंड खिडकीकडे फिरवलं आणि म्हणाले, 'वेळ झाला तर बघ. नाही झाला तरी चालेल.' आत्या, त्यांचे कान लाल झाले होते गं. सत्तरीला आलेल्या माणसाचे कान लाल झालेले मी पहिल्यांदाच पाहिले.

कथा अशी होती. एक म्हातारा कुलूपवाला घराच्या दाराच्या बिजागरीसाठी स्क्रू आणायला निघतो. पहिल्या वळणावर जरा थांबतो, मग पुढे निघतो. दुसऱ्या वळणावर थांबतो, पुढे निघतो. असा थांबत थांबत दुकानात पोचतो. हव्या त्या मापाचे स्क्रू नसतात. मग परत येतो, येतानाही वळणावळणावर थांबतो, आणि घरी पोचतो. संपली. मी पानं उलटीपालटी करून पाहिली, मागे काही राहिलं का म्हणून. नव्हतं राहिलं. माझ्या वकिली डोक्यात पहिला विचार आला तो असा की यात दाव्याला कारणच घडलेलं नाही. काही हरवलं नाही, कुणी कुणाला फसवलं नाही, स्क्रूसुद्धा मिळाले नाहीत, मग तक्रार तरी कशाबद्दल आहे? मी बाबांना प्रेमानेच, पण जी काय उलटतपासणी घेतली! तो थांबतो का? गुडघा दुखतो का? वाहनं येत होती का? प्रत्येक वळणावर थांबतो म्हणजे सवय आहे का, असेल तर कधीपासून? बाबा सगळ्याला 'बघू, बघू' म्हणाले. (साक्षीदार टाळाटाळ करतोय, असं मी मनात नोंदवलंसुद्धा. जळो मेली ती सवय.)

आता मुख्य गुन्हा. आमच्या कोपऱ्यावरच्या वाचनालयात महिन्यातून एकदा लोक आपापलं लिखाण वाचतात. ग्रंथपालबाईंनी बाबांना गळ घातली आणि बाबा चक्क हो म्हणाले. त्यांचं अक्षर तुला माहीत आहे, कुलपाच्या आतल्या भागांसारखं, एकात एक अडकलेलं. तेव्हा टाइप करून द्यायचं मी अंगावर घेतलं. दुपारच्या सुट्टीत, एका बाजूला खरेदीखत आणि दुसऱ्या बाजूला करारनामा, मध्ये बाबांची कथा, अशी बसले. हातांना सवय असते गं. अर्धवट, संदिग्ध असं काही दिसलं की ते भरून काढल्याशिवाय माझी बोटं पुढे सरकतच नाहीत, आणि बाबांच्या कथेत तर संदिग्धतेचा सुकाळ. मला खरंच वाटत होतं की मी मदत करते आहे. उद्या कुणी उठून विचारलं, की का हो थांबला तो, तर बाबांची फजिती नको. छापून होईपर्यंत उशीर झाला, धावत वाचनालयात पोचले आणि दारातच बाबांच्या हातात कागद दिले. त्यांना आधी डोळ्यांखालून घालायलाही वेळ मिळाला नाही.

बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. माईकसमोर उभे राहिले, चष्मा लावला, घसा साफ केला आणि वाचायला लागले: 'पहिल्या वळणावर (यापुढे याचा उल्लेख सदर वळण क्रमांक एक असा केला जाईल) तो (म्हणजे कथानायक, वय अंदाजे सत्तर, धंदा कुलूपदुरुस्ती) वाहतुकीच्या नियमांचे पालन करण्याच्या हेतूने जरा थांबला.' समोर एक दातांचे निवृत्त डॉक्टर बसले होते, ते खुदकन हसले. बाबांनी वर पाहिलं, मग कागदाकडे पाहिलं आणि पुढे वाचलं. 'सदर वळण क्रमांक दोनवर तो वर नमूद केलेल्या कारणास्तव पुन्हा थांबला.' आता सगळी खोली हसली. स्वेटर विणणाऱ्या एक बाई येतात, त्यांच्या सुया गळून पडल्या. मी मागच्या रांगेत बसले होते, आणि धरणीमाता मला पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं, पण वाचनालय दुसऱ्या मजल्यावर आहे. आणि बाबा थांबले नाहीत. तिथे उभ्या उभ्या कंस गाळून वाचता आलं असतं त्यांना. पण त्यांनी माझा एकेक कंस, एकेक 'सदर' नीट उच्चारून वाचला. लेकीने घातलंय, ती शिकलेली आहे, म्हणजे त्याला काहीतरी कायदेशीर गरज असणार, असा भरवसा. शेवटचं वाक्य त्यांचं होतं, 'आणि तो रिकाम्या हाताने घरी आला.' त्याला मी शेपूट लावलं होतं: 'मात्र त्यामुळे स्क्रू मिळण्याचा त्याचा हक्क संपुष्टात आला असे समजू नये.' टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉक्टर उठून त्यांना म्हणाले की इतकं झकास विनोदी लिखाण इथे आजवर कुणी वाचलं नव्हतं. बाबांनी सगळ्यांना हात जोडले, आभार मानले आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली.

घरी येईपर्यंत आम्ही दोघं बोललो नाही. म्हणजे मी खूप बोलले, बाबा बोलले नाहीत. रागावले असते तर मी पाय धरले असते, वाद घातला असता तर जिंकू दिलं असतं. पण त्यांनी टेबलावरच्या पेनाला टोपण घातलं, ते दाबून बसवलं आणि विचारलं, 'चहा घेणार का?' तेव्हापासून ते टोपण निघालेलं नाही. पुढच्या महिन्यासाठी ग्रंथपालबाईंनी निरोप पाठवला होता, त्याला त्यांनी नाही कळवलं. आणि परत तेलाची बुधली घेऊन मजल्यावर फिरायला लागले. आत्या, आई गेल्यानंतर त्या चार पानांच्या आठवड्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर जरा धग आली होती, आणि मी त्यावर घागरभर पाणी ओतलं. मग सारवासारव करायला काय काय केलं, विचारू नकोस. एक दिवस म्हटलं, बाबा, विनोदी लेखक म्हणून तुमचं नाव झालं. (जखमेवर मीठ, आणि वर लिंबू.) दुसऱ्या दिवशी नवं पेन आणलं, त्यांनी ते माझ्याच पर्समध्ये ठेवून दिलं, तुला ऑफिसात लागेल म्हणून.

शेवटी गेले आमच्या सीनिअरकडे. त्यांना आम्ही त्यांच्या माघारी हरकतसाहेब म्हणतो, कारण त्यांना प्रत्येक गोष्टीला हरकत असते, पंख्यालासुद्धा. त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, हसतील. ते एवढंच म्हणाले की मृत्युपत्रात एखादं वाक्य कळलं नाही तर तू काय करतेस? मी म्हटलं, लिहिणाऱ्याने एकही शब्द उगाच लिहिलेला नाही असं धरून चालते. तो का आला असेल ते शोधते, पदरचं काही घालत नाही. मग म्हणाले, परक्याच्या कागदाला जो मान देतेस तो बापाच्या कागदाला का दिला नाहीस? आणि पंखा बंद करायला उठले. तोंडात मारल्यासारखं झालं, पण बरंही वाटलं, कारण निदान कुठे मार बसला ते कळलं.

घरी जाऊन बाबांची मूळ पानं पुन्हा काढली आणि या खेपेला अशिलाचा कागद वाचावा तशी वाचली. थांबला. थांबला. थांबला. हा शब्द उगाच नाही, असं धरलं. पण का, ते काही कागदावर सापडेना. मग शनिवारी बाबा खरोखरच स्क्रू आणायला निघाले तेव्हा मीही निघाले त्यांच्याबरोबर. वाटेत एका अशिलाचा फोन आला (यांना शनिवारीच बरे वाद सुचतात), बोलता बोलता मी मागे पडले. फोन ठेवून पाहते तर बाबा पुढे, शिंप्याच्या दुकानाच्या वळणावर थांबलेले. मागे वळून बघत नव्हते. शिंप्याच्या पाटीखाली उभे, पिशवी हातात, मान जरा कललेली. मी पोचायच्या आतच ते निघाले. पुढच्या वळणावर पुन्हा तसंच.

आणि मला आई आठवली. शेवटच्या वर्षात तिचा गुडघा किती दुखायचा. बाबा पुढे आणि ती मागून भिंतीला हात लावत लावत, आणि बाबा प्रत्येक वळणावर तिच्यासाठी थांबायचे. ती गेली तरी हा माणूस अजून तिची वाट बघत थांबतो आहे गं! मागे वळून बघत नाही, कारण मागे कुणी नाही हे त्याला माहीत आहे; पण थांबल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. आणि मी तिथे लिहिलं, वाहतुकीच्या नियमांचे पालन करण्याच्या हेतूने. आत्या, मी रस्त्यात रडले. शिंप्याने स्टूल दिलं बसायला.

तेव्हा निकाल असा. कायदा शिकल्याने साहित्य कळतं का? कळतं, पण कायदा अर्धवट वापरला तर नाही. कंस घालायचा कायदा काही कामाचा नाही, तिथे तुझी काकडी बरोबर होती. पण 'एकही शब्द फुकट नाही' हा कायदा नसता तर मी त्या थांबण्याकडे पुन्हा पाहिलंच नसतं, आणि मला बाबा कळलेच नसते. शिवाय संशयाचा फायदा नावाची एक मोठी सुंदर गोष्ट आमच्याकडे आहे. ती आरोपीला देतात, तर लेखकाला का देऊ नये? एकंदरीत प्रकरण माझ्या बाजूने निकाली निघालं आहे आणि त्यावर अपील चालणार नाही. टाचेला जप, मांजरीला माझा नमस्कार सांग.

तुझी लाडकी (हे विशेषण वादग्रस्त असल्यास खोडावे),
भाची

ता. क. : खरं काम आता सांगते. येत्या रविवारी तू इकडे ये. मी बोलावलं असं म्हणू नकोस, सहज आलीस असं दाखव, आणि दादाकडे हट्ट धर की मला तुझी कथा ऐकायची आहे, मूळ हस्ताक्षरातली. माझं काही ते ऐकणार नाहीत, पण तुला त्यांनी उभ्या जन्मात नाही म्हटलेलं नाही. ते पेन एकदा उघडलं पाहिजे गं. एवढ्यासाठी मी आपला खटला बिनशर्त हरायलाही तयार आहे. वरचा निकाल रद्द समजावा.

ता. क. २ : यातलं बाबांना अक्षरही कळता कामा नये. म्हणून पाकीट दोनदा गोंद लावून चिकटवते आहे. आणि कृपा करून हे पत्र तरी दुरुस्त करून परत पाठवू नकोस, घरी टपाल तेच घेतात.

*

चिमणे,

हे अक्षर कुणाचं ते तुला सांगायला नको. वकीलसाहेबांनी पाकीट पेटीत टाकायला माझ्याकडेच दिलं. गोंद भरपूर होता. तरी उघडलं. धंद्याची सवय.

वरचं सगळं खरं आहे, एक सोडून. (आणि वय अंदाजे सत्तर नाही, एकोणसत्तर.) हिची आई मागून यायची ती शेवटचं वर्षभर. हिला तेवढंच आठवतं, त्यात पोरीची चूक नाही. पण तुला तर तुझ्या वहिनीची चाल ठाऊक आहे. मी रस्त्यातल्या दारादाराचं कुलूप बघत रेंगाळायचो आणि ती तरातरा पुढे. मग वळणावर माझ्यासाठी थांबायची, शिंप्याच्या पाटीखाली, पिशवी या हातातून त्या हातात घेत. मी पोचलो की म्हणायची, आलात एकदाचे! माझ्या कथेतला माणूस कुणाची वाट बघत नाही. ती उभी असायची त्या जागेवर तो पोचतो, म्हणून थांबतो.

वाचनालयात वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तिसऱ्या वळणाला मलाही हसू येत होतं, ते दाबलं. हिची आई असती तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली असती, आणि पुढे जन्मभर मला वाहतुकीचे नियम पाळणारे म्हणून चिडवलं असतं. इतके दिवस तेच डोक्यात घोळत होतं, म्हणून गप्प होतो. पोरीला वाटलं, रागावलो. तिला सांगायचं कसं ते कळेना.

रविवारी ये. वाचून दाखवतो. हिला काही बोलू नकोस, तिनेच जमवून आणलं असं तिला वाटू दे. पुढची कथाही टाइप तीच करणार आहे, आणि दोनचार कंस तिने घातले तर मी ते वाचणार आहे.

हे लिहायला म्हणून पेनाचं टोपण काढलं, ते कुठे गेलं कोण जाणे. टेबलाखाली बघितलं, नाही. आता शाई वाळू नये म्हणून लिहीत राहावं लागणार.

दादा